कुठून आला आणि कुणी आणला

घरात कुणी तापाने अंथरूण धरले की विचारपूस करायला आलेला माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. औषध कुणाचे चालू आहे, हा पहिला. आणि हे दुखणे आले कुठून, हा दुसरा. दुसरा प्रश्न विचारताना त्याच्या मनात वाईट नसते. दुखण्याला कुठून तरी यावे लागते, आणि ते कळले तर आपल्या घराकडे येणारी वाट अडवता येईल, एवढाच त्याचा हिशेब असतो. पण आपल्या मराठीत 'आला' आणि 'आणला' या दोन शब्दांत एका अक्षराचे अंतर आहे. 'कुठून आला' म्हटले की आजार स्वतःच्या पायांनी चालत येतो. 'कुणी आणला' म्हटले की ते पाय एका माणसाला लागतात आणि तो माणूस मोहल्ल्यासमोर गुन्हेगार म्हणून उभा राहतो.

२०२० च्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्याने हे एका अक्षराचे अंतर एका रात्रीत ओलांडले. मुंबईत शिवणकाम करणारे एक चाचा टाळेबंदीत अडकले होते. काही अंतर टेम्पोत, काही पायी, असे करत ते घरी पोहोचले. पंधरा दिवसांनी त्यांच्या बीबीला ताप आला आणि आठवड्याभरात ती गेली. मग शेजारची दोन घरे आजारी पडली. 'चाचांनी आणला' हे वाक्य पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाले ते आता कुणालाच आठवत नाही. ते आमच्याही ओसरीवर बोलले गेले आणि आम्ही त्याला हरकत घेतली नाही, एवढे मात्र आम्हाला आठवते. त्याच दिवसांत रेशनच्या दुकानासमोर रांगा लागत होत्या, बँकेच्या दारात गर्दी होती, भाजीची गाडी घरोघर फिरत होती. त्यांपैकी कशाचाही विचार आम्ही केला नाही. आम्हाला एक माणूस हवा होता आणि तो मिळाला होता. पुढे मशिदी उघडल्या तेव्हा चाचा नमाजला येऊ लागले, पण ते उभे राहात शेवटच्या सफमध्ये, चपलांच्या जवळ. आजही ते तिथेच उभे राहतात.

त्या वेळी आमच्या गल्लीत एखादे यंत्र असते, आणि या घरातला आजार त्या घरातून आला की आणखी कुठून, हे त्याने सांगितले असते, तर आम्ही अधिक न्यायाने वागलो असतो का? हा प्रश्न कल्पनेतला नाही. असे यंत्र आहे. कोरोनाच्या पाच वर्षे आधी, आफ्रिकेतल्या एका मुस्लिमबहुल देशात, ऐन साथीच्या धुमाळीत ते वापरले गेले. त्या देशाची हकिकत आधी सांगतो. कारण तिथे जे घडले त्यात गुस्ल आहे, जनाजा आहे, लपवाछपवी आहे आणि इमामही आहेत. ती आपल्यालाच विचारलेली गोष्ट आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी या देशात दहांतले आठांहून अधिक लोक मुसलमान आहेत. तिथल्या दक्षिणेकडच्या जंगलपट्टीत मेलियांदू नावाचे खेडे आहे. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे दोन वर्षांचे एक मूल तापाने दगावले. साथीचा माग काढणाऱ्यांनी पुढे याच मुलाला साखळीची पहिली कडी मानले. हा आजार इबोला आहे हे जाहीर व्हायला मार्च २०१४ उजाडला. तोपर्यंत तो शेजारच्या लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांकडे निघाला होता. साथ संपली तेव्हा अठ्ठावीस हजार सहाशेहून अधिक माणसे आजारी पडली होती आणि अकरा हजार तीनशेहून अधिक मरण पावली होती.

इबोला हवेतून येत नाही. तो रक्तातून, उलटीतून, घामातून, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याच्या हाताला जे जे लागते त्यातून येतो. आणि माणूस मेल्यावर त्याचे शरीर सर्वांत धोकादायक होते. आपल्याकडे मय्यतीला गुस्ल देणे हा मृताचा जिवंतांवरचा हक्क आहे. वस्तीतल्या कुणीच तो पुरा केला नाही तर सारी वस्ती गुन्हेगार ठरते. गिनीतले लोकही हेच मानत. मुलीने आईला न्हाऊ घातले, भावाने भावाला कफन नेसवले. गिनीच्या आरोग्य खात्याने ऑगस्ट २०१४ मध्ये दिलेल्या हिशेबानुसार सुमारे ६० टक्के लागण अशा अंत्यविधींशी निगडित होती. म्हणजे ज्या हातांनी आजार पुढे नेला, त्यांतले बहुतेक हात त्यांना ठाऊक असलेले सर्वांत नेक काम करत होते. या हातांना काय म्हणायचे?

पांढऱ्या पोशाखात, तोंड झाकून आलेली आरोग्य पथके प्रेत उचलून नेत. ते कुठे पुरले हे कधी कधी घरच्यांना कळतही नसे. मग अफवा उठली की हेच लोक आजार आणतात. १६ सप्टेंबर २०१४ रोजी वोमे या गावात साथीची माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना जमावाने ठार मारले. त्यांत आरोग्य कर्मचारी होते, अधिकारी होते, पत्रकार होते. 'कुणी आणला' या प्रश्नाला त्या गावाने दिलेले उत्तर ते होते. म्हणून हा प्रश्न फक्त दुबळ्यांवर रोखला जातो असे समजू नये. ज्याच्याविषयी भरवसा नाही, त्याच्यावर तो रोखला जातो.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने मुस्लिम आणि ख्रिस्ती धर्मगुरूंशी बोलून दफनाची नवी रीत ठरवली. पाण्याच्या गुस्लऐवजी तयम्मुम, कफनाची सोय, आणि सुरक्षित अंतरावरून जनाज्याची नमाज. आपल्या फिकहमध्ये ही सवलत पहिल्यापासून होती. पाणी नसेल किंवा पाण्याने जिवाला धोका असेल तर मातीवर हात मारून पाकी मिळते, हे मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. ती सवलत वापरावी हे सांगायला मात्र साथीला कित्येक महिने लागले. त्या महिन्यांत मेलेल्यांचा हिशेब कुणी कुणाच्या नावावर मांडायचा?

आता त्या यंत्राकडे येतो. प्रत्येक विषाणूच्या पोटात एक मजकूर असतो. इबोलाचा मजकूर सुमारे १९ हजार अक्षरांचा, आणि अक्षरे फक्त चार. विषाणू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाताना स्वतःच्या नकला काढतो आणि नकला काढताना कधीमधी एखादे अक्षर चुकते. जुन्या काळी हाताने किताब उतरवून घेणाऱ्या कातिबाकडून चूक होई. तीच चूक ज्या ज्या प्रतीत सापडे त्या साऱ्या प्रती एकाच प्रतीवरून उतरल्या हे जाणकार ओळखत. विषाणूचेही तसेच. दोन रुग्णांच्या विषाणूंत एकच चूक सापडली की ते एका कुळातले ठरतात. या मजकुराच्या वाचनाला जनुकीय क्रम वाचणे म्हणतात.

हे वाचन पूर्वी मोठ्या प्रयोगशाळांतच होई. २०१४ च्या मे आणि जूनमध्ये सिएरा लिओनमधल्या केनेमा येथील सरकारी रुग्णालयातल्या ७८ रुग्णांच्या रक्ताचे नमुने अमेरिकेत पाठवले गेले आणि त्यांतून विषाणूचे ९९ क्रम वाचले गेले. हा विषाणू एकदाच प्राण्यातून माणसात आला आणि मग माणसातून माणसात पसरत राहिला, असे त्या वाचनातून दिसले. केनेमाच्या त्या कक्षाचे प्रमुख होते डॉक्टर शेख उमर खान. २९ जुलै २०१४ रोजी ते स्वतः इबोलाने वारले. ऑगस्टमध्ये तो शोधनिबंध छापून आला तेव्हा त्याच्या लेखकांपैकी पाच जण याच आजाराने अल्लाघरी, देवाघरी गेले होते. आपल्या निबंधाच्या विषयानेच लेखकांचा जीव घेतला, असे विज्ञानाच्या इतिहासात फार थोड्या वेळा घडले असेल. डॉक्टर खान यांना लागण कुणाकडून झाली हे विचारावेसे आम्हाला वाटत नाही. ज्यांना वाचवायला ते गेले त्यांच्यातल्याच कुणाकडून, एवढे पुरे आहे.

त्यानंतर परदेशी नमुने पाठवणे अवघड होत गेले आणि काही महिने नवे क्रम जवळजवळ मिळेनासे झाले. साथ पुढे आणि माहिती मागे, अशी अवस्था झाली. तेव्हा, एप्रिल २०१५ मध्ये, बर्मिंगहॅम विद्यापीठाचे तरुण संशोधक जोशुआ क्विक आपली प्रयोगशाळा विमानाच्या साध्या सामानातून गिनीची राजधानी कोनाक्री इथे घेऊन उतरले. सारे सामान पन्नास किलोंच्या आत होते. त्यातले मुख्य यंत्र, ऑक्सफर्ड नॅनोपोर कंपनीचे मिनआयन, शंभर ग्रॅमपेक्षाही हलके. खिशात मावेल एवढे, आणि लॅपटॉपला तारेने जोडून चालणारे.

त्याच्या आत एक पातळ पडदा असतो आणि त्या पडद्याला अतिसूक्ष्म छिद्रे असतात. छिद्रांतून विजेचा क्षीण प्रवाह वाहात असतो. जनुकाचा धागा छिद्रातून ओवला गेला की त्यावरच्या अक्षरांप्रमाणे प्रवाह कमीजास्त होतो. संगणक ती चढउतार ऐकतो आणि अक्षरे लिहून काढतो. नमुना तयार करायला मात्र वेगळी उपकरणे लागत; वीज मध्येच जाई; मजकुराची उकल करायला माहिती मोबाइलच्या इंटरनेटवरून दूर पाठवावी लागे. तरीही मार्च ते ऑक्टोबर २०१५ या काळात घेतलेल्या १४२ नमुन्यांचे क्रम या सामानावर वाचले गेले. नमुना हाती आल्यापासून चोवीस तासांच्या आत उत्तर मिळू शके. प्रत्यक्ष वाचनाला कधी कधी पंधरा मिनिटे पुरत.

गिनीत त्या वेळी विषाणूची दोन घराणी फिरत आहेत आणि त्यांतल्या एकाचे नाते सीमेपलीकडच्या सिएरा लिओनशी आहे, हे त्या यंत्राने दाखवले. लोक सीमा ओलांडत होते आणि आजारही त्यांच्याबरोबर ये-जा करत होता. नव्या गावात रुग्ण सापडला तर तो कोणत्या ज्ञात साखळीचा, की मधल्या कड्या आपल्या नजरेतून सुटल्या आहेत, हे आता कळू शकत होते. माणसे भीतीने नाती लपवत. अमक्याच्या मय्यतीला आम्ही गेलोच नाही, असे सांगत. विषाणूच्या मजकुराला मात्र भीती नसते आणि लाजही नसते.

इथे आम्ही अडखळतो. कारण लपवणे या गोष्टीकडे पाहण्याची आपल्याकडे दोन वळणे आहेत. एक वळण पर्दापोशीचे. जो दुसऱ्याचा ऐब झाकतो त्याचा ऐब अल्लाह झाकेल, या शिकवणीवर आपण वाढलो. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, त्याच्या मागे त्याचे वाईट बोलू नये, शंका घेऊ नये. या शिकवणीमुळे आपल्या वस्त्यांत कितीतरी बायामुलींची अब्रू वाचली आहे. दुसरे वळण अमानतीचे. शेजाऱ्याचा जीव ही आपल्याकडे अमानत आहे. आपल्या मौनामुळे तो गेला तर ते मौन गुन्हा आहे. आजार लपवून जो माणूस सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभा राहतो, तो कुणाचा ऐब झाकत नाही, तो दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो. मग रुग्णाने न सांगितलेली गोष्ट यंत्राने त्याच्या रक्तातून वाचली, तर ती चहाडी की साक्ष?

साथीविषयी आपल्या परंपरेत स्पष्ट शिकवण आहे. जिथे प्लेग आहे तिथे जाऊ नये आणि जिथे आपण आहोत तिथे तो आला तर तिथून पळू नये, हे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितले. हिजरी १८ च्या सुमारास शाममध्ये अमवासचा प्लेग पसरला तेव्हा खलिफा हजरत उमर (रजि.) वाटेतून परत फिरले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी त्यांना विचारले की हे तकदीरपासून पळणे नाही का? त्यावर त्यांनी उंट चारणाऱ्याचा दाखला दिला. खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि एक सुकी असेल तर तो उंट हिरवीकडे नेतो. दोन्हीकडे तकदीर अल्लाहचीच. हा प्रसंग आपण वाझमध्ये अनेकदा ऐकला आहे. पण त्यात एक गोष्ट नाही आणि ती आमच्या उशिरा लक्षात आली. शाममध्ये हा प्लेग कुणी आणला, असे त्या साऱ्या चर्चेत कुणीच विचारत नाही. साथ कुठे आहे आणि आपण काय करावे, एवढेच बोलणे होते.

हाच भेद आम्हाला यंत्राच्या बाबतीत करावासा वाटतो. यंत्र 'कुठून आला' याचे उत्तर देते. 'कुणी आणला' हा प्रश्न त्याला कळतच नाही, कारण आणण्याला नियत लागते आणि ती चार अक्षरांत लिहिलेली नसते. शिवाय पहिल्या प्रश्नाचेही त्याचे उत्तर दिसते तेवढे पक्के नसते. विषाणू प्रत्येक उडीत अक्षर चुकतोच असे नाही. दोन घरांतल्या रुग्णांचा मजकूर हुबेहूब एक निघाला तर त्यांचे नाते जवळचे आहे एवढे कळते. आजार या घरातून त्या घरात गेला, उलट गेला, की तिसऱ्याच जागेवरून दोघांकडे आला, हे नुसत्या मजकुरावरून सांगता येत नाही. आमच्या गल्लीत ते यंत्र असते तर चाचांच्या बीबीचा आणि शेजाऱ्यांचा विषाणू एका कुळातला निघालाही असता. आम्ही ते उत्तर ऐकले असते आणि चाचांकडे बोट दाखवले असते. या वेळी विज्ञानाच्या नावाने. यंत्रामुळे आमचा न्याय सुधारला नसता, फक्त आमचा आवाज चढला असता.

आणि जिथे उत्तर पक्के असते तिथे काय होते? काँगोच्या पूर्वेकडच्या उत्तर किवू प्रांतात २०१८ ते २०२० या काळात इबोलाची मोठी साथ होती. तिथल्या एका तरुणाने लस घेतली होती. तरीही २०१९ मध्ये त्याला इबोला झाला, उपचार मिळाले, तो बरा होऊन घरी गेला. सुमारे सहा महिन्यांनी त्याच विषाणूने त्याच्या शरीरात पुन्हा डोके वर काढले आणि त्यात तो मरण पावला. जनुकीय क्रमांवरून दिसले की त्याच्यापासून सुरू झालेल्या साखळीत ९१ माणसे सापडली. या तरुणाने लस चुकवली नव्हती, औषध टाळले नव्हते. माणसाने जे जे करावे ते सारे त्याने केले होते. 'कुणी आणला' हा प्रश्न विचारणाऱ्याला त्याचे नाव सापडेल. त्याचा गुन्हा सापडणार नाही.

याहून जड प्रसंग पुन्हा गिनीत आला. जानेवारी २०२१ च्या अखेरीस गुएके या गावी एक परिचारिका मरण पावली. तिच्या दफनाला गेलेले नातेवाईक आजारी पडले आणि फेब्रुवारीत इबोलाची नवी साथ जाहीर झाली. आता क्रम वाचणाऱ्यांत गिनीचे स्वतःचे शास्त्रज्ञ होते. या वाचनावरच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अल्फा काबिने केइता हे गिनीचेच. मार्चमध्ये आलेल्या उत्तराने सारे चकित झाले. विषाणू नवा नव्हता, २०१४ च्या साथीचाच होता. सात वर्षे तो माणसातून माणसात फिरत राहिला असता तर शंभरावर अक्षरे बदलायला हवी होती. बदलली होती मोजकीच. याचा अर्थ एकच निघत होता. जुन्या साथीतून वाचलेल्या कुणाच्या तरी शरीरात तो पाच वर्षांहून अधिक काळ निपचित पडून होता आणि आता जागा झाला होता. ती साथ २३ रुग्ण आणि १२ मृत्यूंवर आटोपली. १९ जून २०२१ रोजी ती संपल्याचे जाहीर झाले.

पण जे हजारो लोक पहिल्या साथीतून वाचले होते त्यांच्यासाठी काय संपले? त्यांनी आईबाप गमावले होते, गावाने टाकलेला बहिष्कार सोसला होता, हळूहळू बाजारात बसायला जागा मिळवली होती. आता एका यंत्राने सांगितले की तुमच्यापैकी कुणाच्या तरी शरीरात तो अजून असू शकेल. हे खरे होते. ते सांगणे गरजेचे होते, कारण त्यामुळे वाचलेल्यांची नियमित तपासणी, औषध आणि देखभाल यांची निकड जगाला पटली. पण तेच वाक्य बाजारात पोहोचेपर्यंत कसे होणार होते हे शास्त्रज्ञांनाही ठाऊक होते. वाचलेल्यांवर कलंक येऊ नये याची काळजी घ्या, असे त्यांनी आपल्या निबंधातच लिहिले. असा इशारा द्यावासा वाटला, यातच सारे आले.

हे सारे वाचताना आफ्रिकेतल्या खेड्यांची कीव करण्याचा अधिकार आम्हाला नाही. मार्च २०२० मध्ये निजामुद्दीनच्या मरकजमध्ये जमलेल्या काही जणांना कोरोना झाला आणि ते आपापल्या गावी गेल्यावर तो पसरलाही, हे खरे आहे. 'कुठून आला' म्हणून त्याचा तपास व्हायलाच हवा होता. आणि आपल्यातल्या ज्यांनी आपण तिथे गेल्याचे लपवले त्यांनी चूक केली, हेही आपण म्हणायला हवे. पण चार दिवसांत प्रश्न बदलला. एका मेळाव्याच्या जागी एक सबंध जमात आली. भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाने मेलेल्या साऱ्यांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक काढले. ते त्याच दिवशी मागे घेतले गेले, पण त्या काही तासांत किती घरांत चूल पेटली नसेल ते आपल्याला ठाऊक आहे. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे म्हटले. न्यायालयाचा निकाल आला. तोपर्यंत भाजीवाल्याने गल्ली बदलली होती.

आणि मग फासे उलटले. २०२१ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या नमुन्यांच्या जनुकीय वाचनात कोरोनाचे एक नवे रूप मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. त्याच कुळातला विषाणू पुढे साऱ्या जगात पसरला. जग त्याला 'भारतीय विषाणू' म्हणू लागले. काल जे एका जमातीला बोलत होते त्यांनाही आता परदेशातले लोक म्हणू लागले की तुम्ही आणला. देशाला राग आला आणि तो रास्त होता. विषाणू पहिल्यांदा जिथे वाचला गेला ती जागा आणि तो जिथे जन्मला ती जागा एकच असते असे नाही. जो प्रामाणिकपणे वाचतो आणि सांगतो, त्याच्याच नावाने आजार ओळखला जाऊ लागला तर उद्या कोण सांगेल? ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या रूपांना ग्रीक अक्षरांची नावे दिली आणि त्याचे 'डेल्टा' झाले. देशाच्या नावावरचा डाग एका अक्षराने पुसला. चाचांच्या नावावरचा डाग पुसायला कोणती संघटना बसणार आहे?

आमचे म्हणणे यंत्राविरुद्ध नाही. ते यंत्र गावोगाव जावे, आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातही असावे. अज्ञानातून झालेला अन्याय हा ज्ञानातून होणाऱ्या अन्यायापेक्षा सौम्य असतो असे नाही. आमच्या गल्लीत ज्ञान नव्हतेच आणि तरी अन्याय झाला. पण रक्तातून वाचलेली ही माहिती अमानत आहे एवढे मानावे. अमानत ठेवणाऱ्याला तीन गोष्टी पाळाव्या लागतात. ज्या कामासाठी वस्तू दिली त्याच कामासाठी ती वापरावी. म्हणजे साखळी तोडायला, माणूस तोडायला नव्हे. ज्याची वस्तू आहे त्याला आधी सांगावे; रुग्णाला स्वतःच्या रक्तातली बातमी वर्तमानपत्रातून कळू नये. आणि वस्तू परत करावी. ज्या गावाने, ज्या देशाने रक्त दिले त्याच्या हाती ते ज्ञान, ते यंत्र आणि ते वाचण्याची विद्या यावी. केनेमाचे नमुने २०१४ मध्ये समुद्रापार गेले होते. २०२१ मध्ये गुएकेचा विषाणू वाचणाऱ्यांत गिनीचा मुलगा पहिला होता. सात वर्षांत एवढी वाट चालून झाली हे थोडे नाही.

या तीन गोष्टी शास्त्रज्ञांनी आणि सरकारने पाळायच्या आहेत. आपल्या वाट्याला चौथी येते. साथ पुन्हा येईल, कोणती ते अल्लाहला ठाऊक. तेव्हा विचारपूस करायला आपण कुणाच्या तरी दारात उभे असू, आणि कदाचित हातात पक्का अहवालही असेल. त्या वेळी आपल्या तोंडून कोणते क्रियापद निघते, हे कोणतेही यंत्र ठरवणार नाही.

चाचांशी याविषयी आम्ही अजून बोललेलो नाही. मशिदीत शेवटच्या सफमध्ये त्यांच्या शेजारी एक जागा बहुधा रिकामी असते. येत्या जुम्याला तिथे उभे राहायचे, एवढे आम्ही ठरवले आहे. सलाम फेरताना तोंड त्यांच्याकडेच वळेल. मग पुढचे बोलता येते का ते पाहू.